ओ न दिलेली हाक

आमच्या कशेळ्याच्या घरी एक नियम होता. बाहेरून कुणी हाक मारली आणि माणूस दिसत नसेल, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली तर माणूस, नाही आली तर ते दुसरं काहीतरी. दुसरं म्हणजे काय ते विचारलं की आई तोंडावर हात ठेवायची. पुढे मी बी.एड. झाले, वीस-बावीस वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं, अंधश्रद्धेवर प्रदर्शनं भरवली, पोरांकडून तक्ते करून घेतले. तरी आजही दारावर हाक आली की मी आधी खिडकीतून बघते आणि मग ओ देते. कळतं पण वळत नाही, त्यातली मी.

कशेळ्यात बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं उतरायची, त्यांच्या उतरण्याच्या वाटेवर कुकारे ऐकू यायचे. कुकारा म्हणजे एक लांब, वर चढत जाणारी कूऽऽ. रानात पांगलेली माणसं एकमेकांना घालतात. तो आवाज आला की आई आम्हाला आत घ्यायची. त्याच बायकांकडून ती तासाभराने रानभाजी घ्यायची, हसून बोलायची, भावात घासाघीसही करायची. पण आवाजाला ओ नाही म्हणजे नाही. मला वाटायचं, मला ही माणसं माहीत आहेत. लहानपणापासून बघतेय की.

मी शिकवते ती शाळा जुन्या हायवेच्या कडेला आहे, लोधिवलीच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर शाळेमागच्या डोंगरातल्या एका वाडीला भेग पडली. साहेब लोक आले, मोजमाप झालं, आणि दोन दिवसांत सगळी वाडी खाली आणून कंटेनरच्या खोल्यांमध्ये ठेवली. पुढे पंधरा-वीस दिवसांनी वरचा उतार खरोखरच खाली आला. निम्मी घरं गेली, नाचणीची शेतं गेली, पाण्याचा झरा गेला. माणूस मात्र एकही गेलं नाही.

हे वाक्य तेव्हा आम्ही सगळेच म्हणत होतो. माणूस एकही गेलं नाही. त्या वाडीतली सात मुलं आमच्या शाळेत दाखल झाली, तेव्हा मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी त्यांना पुढे उभं केलं, एकेक गुलाब आणि एकेक वही दिली, आणि तुमच्यासारखं नशीबवान कोणी नाही असं भाषण केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या जरा जास्तच मोठ्या होत्या, कारण सातांपैकी एक मुलगी माझ्या वर्गात, नववीत येणार होती, आणि मला ती बघताक्षणी आवडली होती. उंच, काटक, सरळ बघणारी.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली गोष्ट. मधली सुट्टी होती, मी प्रयोगशाळेत काचेची भांडी पुसत होते. मागच्या भिंतीकडून कुकारा आला. असा जवळून मी तो उभ्या जन्मात ऐकला नव्हता. माझ्या हातातली परीक्षानळी बेसिनमध्ये पडून फुटली. मी कशेळ्याच्या घरात होते, आई आम्हाला आत ओढत होती.

मला भीती वाटली की राग येतो. हा माझा स्वभाव आहे आणि त्याबद्दल माझ्या नवऱ्याने मला पुष्कळदा ऐकवलं आहे. मी लाकडी फूटपट्टी घेऊन बाहेर आले. ती मुलगी कंपाउंडच्या भिंतीला छाती टेकून डोंगराकडे तोंड करून उभी होती.

"हे काय चाललंय? ही शाळा आहे, रान नाही," मी म्हटलं. "पुन्हा आवाज आला तर आईला बोलावून घेईन."

ती वळली. ती घाबरली नव्हती. ती माझ्याकडे बघत थांबली होती, जणू माझं काहीतरी बोलायचं राहिलंय आणि ते ऐकून जावं. मी पट्टी भिंतीवर आपटली. मग ती आत गेली.

त्यानंतर ती गप्प झाली. मला ते बरंच वाटलं. पहिल्या घटक चाचणीच्या शेऱ्यात मी तिच्या नावापुढे लिहिलं, "शांत, शिस्तप्रिय."

श्रावण संपेपर्यंत ती बाकावर डोकं ठेवून झोपायला लागली. खिचडीच्या रांगेत ताट घेऊन उभी राहायची आणि ताट तसंच दुसरीला द्यायची. आधी दोन घट्ट वेण्या असायच्या, त्या एक झाल्या, मग केस नुसते बांधलेले, मग तेही नाही. एकदा वही तपासायला घेतली तर प्रत्येक पानावर तारीख होती, सुवाच्य अक्षरात, खाली आखलेली रेघ, आणि पुढे काही नाही. सगळी वही तशी. मी तिला उभं केलं. चाळीस मुलांसमोर मी जे बोलले ते इथे लिहिताना हात थांबतो आहे, पण लिहिते.

"तुमच्यात कोणी मेलंय का? नाही ना? मग हे काय सुतक धरलंयस?"

"नाय बाई," ती म्हणाली.

"नाय काय?"

"कोन मेलं नाय."

गणपतीच्या सुट्टीनंतर तालुक्याला आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, विद्यार्थ्यांच्या मनाच्या आरोग्यावर. मी पिशवीत विणकाम घेऊन गेले होते. डिप्रेशन म्हणजे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना, पोट भरलेल्यांना होणारं काहीतरी, अशी माझी समजूत. शिकवायला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, आवाज मऊ, फळ्यावर अक्षर वाईट. त्या म्हणाल्या, घर सुटलेल्या मुलांकडे नीट बघा. आई-बाप जगण्याच्या धडपडीत असतात, पोरं गप्प होतात, आणि गप्प पोरगं कुणाला खुपत नाही. मग त्या एकेक सांगत गेल्या. सारखी झोप. अन्नावरची वासना जाणं. केसांकडे, कपड्यांकडे दुर्लक्ष. मी सुया खाली ठेवल्या. मग त्या म्हणाल्या, आणि मूल आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर एक दिवसही थांबू नका. सरळ विचारा, जीव द्यायचं मनात येतं का. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते येत नाही. न विचारल्याने ते डोक्यात एकटं राहतं.

वाटून टाकणं सोडलं तर बाकी सगळं जुळत होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मी पहिल्यांदा घाबरले. मी हजेरीला नावं घेत नाही, नंबर घेते, वेळ वाचतो. तिचा नंबर सदतीस. "सदतीस," मी म्हटलं, आणि उत्तर येईपर्यंत माझं पेन वहीवर टेकून राहिलं. "हजर," ती म्हणाली. बस. पण त्या दिवसापासून पस्तीसच्या पुढचे नंबर मी हळू घ्यायला लागले. मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, तुम्हाला प्रशिक्षणाचं वारं लागलंय. पोरीचं वयच तसं आहे." तिच्या आईला दोनदा निरोप धाडला. ती एका फार्महाऊसवर हिरवळीतलं गवत उपटायच्या कामाला जायची, येईपर्यंत शाळा सुटलेली असायची. तिला मी गाठू शकले असते. मनात आणलं असतं तर मी काय वाटेल ते करू शकले असते. पण मला तो प्रश्न विचारायचा नव्हता. शब्द तोंडातून निघाला की ते खरं होईल अशी मला भीती होती. बाई विज्ञानाच्या!

मग मी तिच्या कंपासपेटीतून दुसरीच मुलगी कर्कटक काढताना बघितली. "तिनं दिली," ती मुलगी म्हणाली. मी स्वतःला समजावलं की उसनी दिली असेल. दोन दिवसांनी तिच्या लाल रिबिनी सातवीतल्या एका पोरीच्या केसांत दिसल्या. घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. ठरवलं, सोमवारी नक्की विचारायचं. सोमवारी ती हसली. माझ्याकडे बघून चक्क हसली, आणि मला एवढं हायसं वाटलं की मी विचारलं नाही.

मंगळवारी परतीचा पाऊस धो धो कोसळत होता. भातं कापणीला आलेली, शेतात पाणी आणि रस्त्यावरही पाणी. "सदतीस," मी म्हटलं. काही नाही. पुन्हा म्हटलं. मान वर केली तर तिची जागा रिकामी होती. आणि पहिल्या बाकाखाली निळ्या फुलांची छत्री ठेवलेली होती, पाणी गळत होतं. ती छत्री मी ओळखत होते. वाडी सोडताना घरातून तिने उचललेली एकच वस्तू ती होती, असं तिच्याबरोबरच्या मुलांनी मला सांगितलं होतं.

"ही तुझ्याकडे कशी?" मी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं.

"बाई, तिनं काल दिली मला."

"पावसात छत्री दिली?"

"ती म्हणली, मला नाय लागायची आता."

हजेरीची वही मी कुठे ठेवली ते मला आजही आठवत नाही.

शाळेतल्या शिपाई मावशींना बरोबर घेऊन मी रिक्षाने कंटेनरवर गेले. खोलीला नुसती कडी होती. आत पत्र्यावरचा पाऊस इतका मोठा वाजत होता की मावशी माझ्या कानाशी ओरडल्या तरी कळेना. तिचा गणवेश घडी करून ठेवलेला होता, त्यावर दप्तर. शेजारच्या म्हातारीने खोलीच्या दारातून डोंगराकडे बोट केलं. "सकाळीच गेली गं वर," ती म्हणाली. रिक्षा तशीच फार्महाऊसवर घेतली. तिची आई भिजत गवत उपटत होती. मी काय झालं ते सांगायला तोंड उघडलं, आणि तिने माझा चेहरा बघून हातातली पाटी खाली ठेवली.

वाडीच्या वाटेवर "प्रवेश बंद" असा फलक आणि फाटलेली पट्टी होती. आम्ही तिघी वर निघालो. पुढे तिची आई अनवाणी, मध्ये मी, मागे मावशी रामराम म्हणत. मी दोनदा पडले. वाटेत एक ओढा होता, तो ओलांडताना मावशींनी मला दंडाला धरून खेचलं. मी देवाला काय काय बोलले! मला फक्त एवढंच दिसत होतं की सोमवारी ती हसली होती, आणि मी त्या हसण्यावर विश्वास ठेवला, कारण तेच सोयीचं होतं.

वाडीच्या अलीकडे एक सपाटी आहे. तिथून पुढचा सगळा उतार तांबडा, उघडा, खाली धुक्यात जाणारा. दिसत काही नव्हतं. तिची आई थांबली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि कुकारा घातला. आम्ही ऐकत राहिलो. नुसता पाऊस होता. तिने पुन्हा घातला. मग ती माझ्याकडे वळली.

"बाई, तुमी घाला."

"मला नाही येत."

"येत नाय तर हाक मारा. तुमचं ऐकंल. आमचं नाय ऐकत ती. तुमी नको म्हनल्यापून तिनं कुकारा घातला नाय, आन आमी घातला तर उलट दिला पन नाय."

"मी शाळेत ओरडू नको म्हटलं होतं," मी म्हटलं. त्याही वेळी मी स्वतःची बाजू मांडत होते.

"ती वरडत नव्हती बाई. इचारत होती." तिचा आवाज चढला नव्हता. "आमच्यात कुकारा ज्याच्या कानावर पडला त्यानं द्यायचाच. वळखीचा असू दे, नसू दे. नाय दिला तर घालनाऱ्यानं काय समजायचं?"

"काय समजायचं?"

"का हितं कोन नाय."

मी ऐकला होता. त्या अख्ख्या शाळेत सर्वांत जवळून मी ऐकला होता, आणि ती वळून माझ्याकडे बघत थांबली होती. मी पट्टी आपटली होती.

मी तिच्या नावाने हाक मारली. वर्गात कधी घेतलं नाही ते नाव मी त्या डोंगरावर घसा फोडून घेतलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं. पाऊस जरा मागे सरला होता, खालून ओढ्याचा आवाज येत होता, आणि बाकी काही नाही. तिसरी हाक मारायची मला हिंमत होईना. आमच्या घरचा नियम मला तिथे आठवला. ओ तिसरीला द्यायची, आणि तिसरीलाही आली नाही तर पुढे काही उरत नाही. मी त्या चिखलात नुसती उभी होते, आणि मावशी मला म्हणत होत्या, "मारा बाई, मारा ना."

मी कुकारा घातला. तो कुकारा नव्हताच. तो मध्येच फाटला, मला ठसका लागला.

मग डावीकडून, धुक्यातून, बारीक आवाजात तो आला. कूऽऽ. तिची आई धावली.

ती घराच्या उंबऱ्याच्या दगडावर बसली होती. घर नव्हतं, उंबरा होता, आणि उंबऱ्यापासून चार हातांवर डोंगर संपत होता. आईने जाऊन तिच्या झग्याचं टोक मुठीत धरलं आणि तशीच शेजारी बसली. मी चिखलात तिच्यासमोर बसले.

"तू जीव द्यायला आली होतीस का?" मी विचारलं. पंधरा दिवस उशिरा विचारलं.

तिने उंबऱ्यावरचा चिखल अंगठ्याने पुसला.

"आले तवा तसंच होतं मनात," ती म्हणाली.

"मग?"

"मंग बसले. हितं बसलं का काय वाटत नाय. खाली सारखं वाटतं."

"आता?"

"म्हायती नाय." तिने माझ्याकडे बघितलं, तसंच सरळ, पहिल्या दिवशीसारखं. "बाई, तुमी लय वाईट घालता कुकारा."

मावशी हसल्या आणि लगेच रडायला लागल्या. मग मीही रडले.

पुढे सगळं छान झालं असं कुणी म्हणेल तर मला त्याचा राग येतो. सरकारी दवाखान्यात दर आठवड्याला मनाचे डॉक्टर यायचे, तिथे मी आणि तिची आई आलटून पालटून तिला नेत होतो. गोळ्यांनी आधी नुसती झोप आली. चांगल्या आठवड्यानंतर वाईट आठवडा यायचा. त्या सातांपैकी आणखी दोघं आतून तशीच होती हे आम्हाला नंतर कळलं, आणि त्यांनाही नेलं. हजेरी मी नावांनी घ्यायला लागले. वेळ जातो, जाऊ दे. तिने दहावी काढली, कशीबशी, पण काढली. परवा परवापर्यंत माझ्या पिशवीत तो जुना शेरा असलेलं प्रगतिपुस्तक होतं. तिला दाखवून माफी मागायची असं मनात होतं. शेवटी दाखवलं. ती म्हणाली, "अक्षर चांगलं हाय तुमचं."

आता ती कर्जतला अकरावीत आहे, मुलींच्या वसतिगृहात राहते. आमचा एक करार आहे. रोज पाच वाजता तिने फोनवर आवाज धाडायचा, नुसता कुकारा, बोलायची सक्ती नाही, आणि मी ऐकला की लगेच द्यायचा. कुठेही असले तरी. मी बाजारात, बँकेच्या रांगेत, एकदा तर हळदीकुंकवात कू केलं आहे. लोक बघतात. बघू देत.

गेल्या गुरुवारी पाच वाजता आवाज आला नाही. मी काही कामाने कर्जतलाच गेले होते आणि स्टँडवर घरी जायच्या गाडीत बसले होते. सव्वापाच झाले. मी फोन लावला, बंद. साडेपाच. गाडी निघायच्या बेतात होती, पावसाची सर आली होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे घडी घातलेला गणवेश होता. दोन वर्षांत काहीही बदललं नव्हतं, मी त्याच सपाटीवर उभी होते. मी माणसांना ढकलत गाडीतून उतरले आणि वसतिगृहाकडे चालायला लागले, मग पळायला लागले. या वयात, पिशवी पोटाशी धरून.

स्टँडच्या फाटकाशी फोन वाजला. कूऽऽ. आणि पाठोपाठ, "बाई, लाइट नव्हती, चार्जिंग संपलं. घाबरलात का?"

मी फाटकाचा खांब धरला. श्वास लागला होता, आवाज निघेना. पण ज्याच्या कानावर पडला त्याने द्यायचाच असतो. मी फोन तोंडाशी धरून कुकारा घातला, वाईटच. कंट्रोलरच्या खिडकीतून एकाने डोकं बाहेर काढून विचारलं, "काय हो बाई, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "मी इथे आहे म्हणून सांगत होते."